केमो चालू असताना आईने चालावं-फिरावं का, की पूर्ण आराम करावा?

तुम्ही लिहिलंय की आईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, दोन केमो झाल्यात, डॉक्टर रोज थोडं चाला म्हणतात आणि घरातले सगळे पडून राहा म्हणतात. ऐकायचं कुणाचं? डॉक्टरांचं. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

माझं वय तेव्हा 52. डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या. मग केमोचं लाल रंगाचं औषध दर तीन आठवड्यांनी चार वेळा आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध दर आठवड्याला, बारा वेळा. पहिल्या दोन केमोंत मी अंथरूण सोडलं नाही. सासूबाई, जाऊबाई, मुलगी, सगळ्यांनी मायेनं हातातलं काम काढून घेतलं, पाण्याचा तांब्यासुद्धा उशाशी आणून ठेवला. थकवा मात्र हटेना. हा थकवा दिवसभर राबल्यावर येतो तसला नसतो. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर तो तिथेच. मला वाटायचं, अजून आराम हवाय. मग एकदा कमोडवरून उठताना शेजारचा नळ धरावा लागला, तेव्हा लक्षात आलं की सगळा दोष औषधाचा नाही, मांड्यांतली ताकदच गेलीय. पडून राहिलं की स्नायू झपाट्याने झिजतात. मग जरासं काही केलं तरी दम लागतो आणि दमलो म्हणून आपण पुन्हा पडतो.

तिसऱ्या केमोनंतर पाचव्या दिवशी मी घराबाहेर आले. आमच्या मजल्यावर सहा दारं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत, तेवढंच केलं आणि खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या. पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं तोवर सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं चालायला लागले होते. बाजूला खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो भिंतीचा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो ऑपरेशननंतर शिकवला होता, केमोत मी सोडून दिला होता, तो पुन्हा धरला. भिंतीसमोर उभं राहायचं, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ मारायची. पहिली रेघ खांद्याच्याही खाली होती. कधी आठ-आठ दिवस एकाच रेघेवर अडकायचे. हळूहळू रेघा डोक्याच्या वर गेल्या. ज्या दिवशी मुलीला हाक न मारता माझा मी ब्लाउज घातला, त्या दिवशी मी न्हाणीघरात उभी राहून रडले. घराला नंतर रंग दिला, पण तेवढी पट्टी मी रंगवू दिली नाही.

कर्करोगाच्या रुग्णांकडून जीवनमानाची एक प्रश्नावली भरून घेतात, युरोपात तयार झालेली, 30 प्रश्नांची. लांब चालायला त्रास होतो का, जेवायला, कपडे घालायला, अंघोळीला कुणाची मदत लागते का, असं त्यात विचारलेलं असतं. ते वाचून मला वाटलं, अगदी बरोबर, माणसाला हेच तर परत हवं असतं.

घरच्यांना आधार हवा असेल तर हे वाचून दाखवा. 2019 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं ते असं: आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं दम किंचित वाढेल असं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, एवढं दोन-तीन महिने केलं तरी थकवा, चिंता, उदासी कमी होते. काखेतल्या गाठी काढल्यात, हातावर सूज येईल, म्हणून वजन उचलायचंच नाही, असंही आईंना कुणीतरी सांगितलं असेल. अमेरिकेत हाताला आधीच सूज असलेल्या 141 बायकांवर अभ्यास झाला, तो 2009 मध्ये छापून आला. देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवलं तर सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. 2025 मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. केमो संपल्यावर तीन वर्षं नेटाने व्यायाम करून घेतलेल्या गटात आठ वर्षांनी 90 टक्के लोक हयात होते, नुसती माहिती दिलेल्या गटात 83 टक्के. पण तो आजार वेगळा, आणि त्यांचे उपचारही पूर्ण झालेले होते. व्यायाम करायचा तो उपचारांच्या सोबत. उपचारांऐवजी नाही.

आता जपायचं कुठे? केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली असतात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा गर्दीची बाग नको, घरातच चाला. ताप आला तर व्यायाम बंद आणि लगेच दवाखान्यात फोन. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार उतरले असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. लाल औषधाचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, म्हणून छातीत दुखलं, धाप लागली, पाय सुजले तर अंगावर काढू नका. आजार हाडांत गेलेला असेल तर कुठलं हालणं चालेल हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवायला हवं. पॅक्लिटॅक्सेलने तळपायांना मुंग्या येतात, फरशी पायाला नीट कळत नाही. मी घरातही मागे पट्टा असलेल्या चपला घालायचे.

"घरकाम होतंच की, वेगळा व्यायाम कशाला?" हे मला पटत नाही. ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय भरून येतात, ताकद वाढत नाही. भाकऱ्या कुणीतरी दुसऱ्याने थापाव्यात आणि ती वीस मिनिटं आईंना चालायला द्यावीत.

आणि त्यांना "चालून ये" म्हणू नका. तुमच्या चपला घाला, दारात उभे राहा. केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस त्या नाही म्हणतील, त्यांना पडू द्या. पाचव्या दिवशी परत दारात उभे राहा.