बोट घेतलीय, पोहायला पण येतं, मग जॅकेट कशाला?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही तिघा मित्रांनी मिळून हवा भरायची बोट घेतलीय, चार माणसांची, मागं छोटं पेट्रोल इंजिन बसवलंय. रविवारी सकाळी कोल्हापुरात शिवाजी पुलापासनं खाली राजाराम बंधाऱ्यापर्यंत चक्कर मारायचा प्लॅन आहे. तिघंही लहानपणापासून पंचगंगेत पोहतोय, तर लाइफ जॅकेट घालायलाच पाहिजे का? बोटीत ठेवतो, लागलं तर घालू. पुढं पोरांनाही न्यायचंय.
- एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर: आधी बंधाऱ्याचं बोलूया, कारण तुमचं पत्र वाचून मला जॅकेटपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याचे गाळे बंद करायच्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा वरच्या बाजूला पाणी कसं तळ्यासारखं संथ दिसतं, आणि बोटीत बसलेल्या माणसाला पुढं पाणी खाली पडतंय हे कळतच नाही, नुसती एक सरळ रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी वर उसळून परत बंधाऱ्याकडंच वळतं, त्यात सापडलेला माणूस फिरून फिरून तिथंच आत ओढला जातो, कितीही पट्टीचा पोहणारा असू दे. बर्गे काढलेले असले तरी धोका जात नाही, पाणी गाळ्यातनं जोरात निघतं आणि बोट आडवी होऊन दगडी खांबाला चिकटते. त्यामुळं बंधारा दिसायच्या खूप आधी मागं वळा. जायचंच तर पुलापासनं वर, प्रयाग चिखलीकडं जा, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी धार तुम्हाला घराकडंच आणेल, आणि दोन वल्ही तर बोटीत पाहिजेतच.

आता जॅकेट. बोट उलटते तेव्हा "गरज लागली" असं कळायला वेळच मिळत नाही हो. डोक्याला इंजिन लागलं, थंड पाण्यानं श्वास अडकला, पाय केंदाळात, म्हणजे जलपर्णीत गुंतला, अशा वेळी पोहणं काय कामाचं? पाण्यात पडल्यावर जॅकेट चढवून बघा एकदा, कमरेएवढ्या पाण्यातच बघा, बकल लावता लावता पुरेवाट होते. म्हणून काठावरच घाला आणि सगळे पट्टे आवळा. पोरांचं जॅकेट वजन बघून घ्या, "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका. घातल्यावर खांद्याला धरून पोराला वर उचला, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरनं निघून जाणार. पायांमधनं जाणारा पट्टा असलेलंच घ्या. आणि जॅकेटवर बसायची सवय असते बघा लोकांना, ती सोडा, आतला फोम दबून जातो.

इंजिनला लाल रंगाची गुंडाळीदार दोरी आली असेल, ती चालवणाऱ्यानं मनगटाला नाहीतर गुडघ्याला अडकवायची. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद. नाहीतर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. बोट उलटली आणि बंधारा लांब असेल तर बोटीला धरून राहा, काठ जवळ दिसतो म्हणून सुटू नका. फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात, जॅकेटला शिट्टी, मदतीला ११२. इंजिनची बोट आहे म्हणजे नोंदणीचं पण विचारून घ्या, २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा इंजिनवाल्या बोटींना लागू आहे.

प्रश्न: ताई किंवा दादा, जे कोण असाल ते, पावसाळ्यात पातळी किती फुटांपर्यंत असली तर बोट काढायला चालेल? इशारा पातळीच्या आत असलं की ठीक ना?
- कसबा बावडा

उत्तर: नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका पातळी ही पुराची आहे, बोटीला परवानगी देणारी नव्हे. ३९ च्या कितीतरी आधी नदीला अशी ओढ असते की छोटं इंजिन उलट चढूच शकत नाही. शिवाय शहरात ऊन पडलं असलं तरी राधानगरी धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावती नदीतनं काही तासांनी इथं येऊन पोचतं, सोबत झाडं, ओंडके, काय काय घेऊन. तेव्हा जूनपासून बोट घरीच ठेवा, पेट्रोल काढून इंजिन सर्व्हिसिंगला टाका आणि पाणी निवळून खाली गेलं की मगच बाहेर काढा.