आविष्कारला उतरतोयस? मग कोयी गोळा कर

विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची ही संशोधन स्पर्धा, तिथल्या पदकाचं मागाहून बघू. विषय म्हणून ड्रोन-बिन नको, हापूसचं कोय कलम घे, म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधायची. जून-जुलैच्या दमट हवेत १५-२० दिवसांची रोपं, पानं तांबूस असतानाच, बांधायची. काडी ३-४ महिन्यांची, पानं ८-१० दिवस आधी छाटलेली. निम्मी कलमं सावलीच्या जाळीखाली, निम्मी उघड्यावर ठेव, म्हणजे तुलना होईल. किती बांधली, किती जगली, मेली ती कधी, सगळं त्याच दिवशी वहीत. मी पहिल्या वर्षी फक्त जगलेलीच मोजली; परीक्षकांनी टक्केवारी विचारली नि माझी बोबडी वळली! चाकू धरायला मात्र रोपवाटिकेतल्या माळीकाकांकडून शीक, पुस्तकातून नाही. आणि हो, कलमपट्टी स्वस्तातली घेऊ नकोस, पाणी शिरतं.