‘कमिटमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यातल्या ‘कमिटमेंट’ला ‘बांधिलकी’ म्हटलेलं चालेल का?

अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. ‘बांधील’ला ‘-की’ जोडून हा शब्द झाला (‘बांधील’मध्ये ‘धी’ दीर्घ, ‘बांधिलकी’त मात्र ‘धि’ ऱ्हस्व, इथे बरेच जण चुकतात). त्याच्यामागे ‘सामाजिक’ आणि ‘वैचारिक’ ही विशेषणं इतकी चिकटली आहेत की ‘माझी तुझ्याशी बांधिलकी आहे’ म्हटलं की समोरचीला आपण एखादी चळवळ आहोत असं वाटावं. ‘वचनबद्धता’ तर थेट जाहीरनाम्यातून उठून येते. ‘निष्ठा’ बरी, पण ती खालून वर पाहते: देवावर, पक्षावर, गुरूवर. बरोबरीच्या नात्यात ती जरा अवघडते.

खरी अडचण अशी की मराठी बोलणारे ‘कमिटमेंट’ एकाच अर्थाने वापरत नाहीत. ‘तो कमिटमेंट देत नाही’ म्हणजे शब्द देत नाही. ‘ती कमिटेड आहे’ म्हणजे तिचं कुणाशी तरी जुळलेलं आहे. आणि ‘त्यांच्यात कमिटमेंट आहे’ म्हणजे अडचण आली तरी दोघं पळून जाणार नाहीत. तिन्हींना एकच प्रतिशब्द शोधत बसलं की ‘वचनबद्धता’ पदरी पडते.

अशा नात्यांसाठी आपल्याकडे जुने शब्द होते, पण ‘ठेवलेली’, ‘अंगवस्त्र’ हे सगळे बाईकडे बोट दाखवणारे. त्यातल्या त्यात ‘घरोबा करणे’ दोघांना सामावून घेतं, पण ते एकत्र राहण्याबद्दल बोलतं, टिकण्याबद्दल नाही.

मी नाम सोडून क्रियापदाकडे जाईन: ‘बांधून घेणे’. ‘बांधलेला’ म्हटलं की बांधणारा दुसराच कुणीतरी असतो. ‘बांधून घेतलं’ म्हटलं की गाठ आपली आपण मारलेली. लग्नात ती मारायला बाकीचे असतात, इथे कुणीच नसतं, म्हणून हे ‘घेणे’ नेमकं बसतं. ‘त्यांनी लग्न केलेलं नाही, पण एकमेकांशी बांधून घेतलंय.’

संवाद लिहीत असाल तर तेवढंही नको. ‘आपल्यात कमिटमेंट आहे का?’ याऐवजी तुमच्या नायिकेला विचारू द्या, ‘आपण नुसते एकत्र राहतोय, की एकमेकांचे आहोत?’