मोठा फोटो टाकला की कॅनव्हास रिकामा का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. प्रोजेक्ट म्हणून सी++ मध्ये फोटोचे फिल्टर लिहिलेत, एमस्क्रिप्टेननं (सी++ चं ब्राउझरसाठी रूपांतर करणारं टूल) वेबअसेंब्ली (ब्राउझरमध्ये वेगानं चालणारा बायनरी कोड) करून चालवतोय. ८०० बाय ६०० चा फोटो मस्त चालतो, पण मोबाईलवरचा ४००० बाय ३००० चा टाकला की कॅनव्हास कोरा, आणि कन्सोलमध्ये एकही एरर नाही. मेमरी वाढू देण्याचं सेटिंग ऑन आहे. सी++ कोड तीनदा तपासला, चूक सापडत नाहीये. कोड सोबत पाठवतोय.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: सापडणार पण नाही, कारण चूक सी++ मध्ये नाहीचे. तुझ्या जावास्क्रिप्टमध्ये मॉड्यूल लोड झाल्या झाल्या मेमरीच्या बफरवर बाइट्स वाचायला-लिहायला एक युइंट८अ‍ॅरे बनवून कॉन्स्टमध्ये (न बदलणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवलायस आणि मग शेवटपर्यंत तोच वापरलायस, घोळ तिथे आहे.

वेबअसेंब्लीची मेमरी म्हणजे बाइट्सची एक लांबच लांब पट्टी, शून्यापासून सुरू होणारी. सी++ चा पॉइंटर म्हणजे त्या पट्टीवरचा नुसता आकडा. जावास्क्रिप्टला हीच पट्टी अ‍ॅरेबफर म्हणून दिसते, म्हणून दोघांना एकाच जागी लिहिता-वाचता येतं. आता हिशोब कर. तुझा छोटा फोटो एका पिक्सेलला ४ बाइट धरून १९ लाख २० हजार बाइट्सचा आहे, मोठा ४ कोटी ८० लाखांचा. एमस्क्रिप्टेन वेगळं काही सांगितलं नाही तर १६ एमबीवर सुरू होतं. छोटा मावतो, मोठ्याला मॅलॉक (मेमरीत जागा मागणारं सी चं फंक्शन) जागा मागतो तेव्हा मेमरी वाढवावी लागते (६४ केबीच्या पानांच्या हिशोबात), आणि मेमरी वाढली की ब्राउझर जुना अ‍ॅरेबफर रद्द करून नवीन देतो. आतला डेटा तोच असतो, पॉइंटर पण तेच. म्हणजे जमीन तीच, बांध तेच, फक्त तुझ्या हातातला सातबारा रद्द झालाय आणि तू तोच घेऊन फिरतोयस.

रद्द झालेल्या अ‍ॅरेची लांबी शून्य होते. त्यात फॉर लूपनं लिहिलं तर गुपचूप वाया जातं, वाचलं तर अनडिफाइंड मिळतं. ते अनडिफाइंड तू कॅनव्हासच्या डेटामध्ये टाकतोस, तिथे त्याचा शून्य होतो, अल्फाचा (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणाऱ्या आकड्याचा) पण शून्य, म्हणून फोटो काळा न दिसता पारदर्शक, कोरा दिसतो. लूपऐवजी सेट मेथड (सगळे बाइट एकदम टाकणारी) वापरली असतीस तर पहिल्याच फटक्यात टाइपएरर आला असता आणि कोड तीनदा तपासायचा त्रास वाचला असता.

उपाय सोपाय. वेबअसेंब्लीचं कुठलंही फंक्शन बोलावून झालं की मेमरीवरचा अ‍ॅरे नव्यानं घ्यायचा. त्यात डेटाची कॉपी होत नाही, म्हणून कंजुषी करू नकोस. एमस्क्रिप्टेनचा हीपयू८ (मेमरीवरचा त्याचा तयार अ‍ॅरे) वाढीनंतर आपोआप नवा होतो, पण तोही तू आधीच कॉन्स्टमध्ये धरून ठेवला असशील तर परत तेच. आणि हीपयू८ च्या सेटमध्येच आत मॅलॉक बोलावू नकोस, म्हणजे सेट करता करता जागा मागणं एकाच ओळीत. जावास्क्रिप्ट आधी हीपयू८ पकडतं, मग मॅलॉक चालवतं, तेवढ्यात मेमरी वाढली की हातात जुनाच राहतो. मीही यात एक संध्याकाळ घालवलीये.

काहीजण सांगतील की सुरुवातीलाच मेमरी २५६ एमबी ठेव म्हणजे प्रश्न मिटला. नाही मिटत, उद्या कोणीतरी पॅनोरमा टाकेल.

प्रश्न: आमच्या वेबअसेंब्लीच्या टूलमध्ये १२ मेगापिक्सेलचे फोटो एकामागून एक प्रोसेस होतात. वीस-बावीस फोटो झाले की रिझल्टमध्ये कचरा यायला लागतो. जावास्क्रिप्टमध्ये गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप सोडवणारा) असतो ना? आम्ही व्हेरिएबल नल पण करतो.
– एक डेव्हलपर, पिंपरी

उत्तर: असतो, पण त्याला तुमचा पॉइंटर म्हणजे एक साधा आकडा दिसतो. आकडा नल केला म्हणून त्या आकड्यामागची जागा कोण सोडवणार? मॅलॉक केलं त्यानंच फ्री करायचं, आणि तेही ट्राय-फायनलीमध्ये, नाहीतर मध्येच एरर आला की फ्री राहून जातं. एम्बाइंडनं (सी++ चे क्लास जावास्क्रिप्टला जोडणारी एमस्क्रिप्टेनची सोय) बनवलेले ऑब्जेक्ट असतील तर त्यांच्यावर डिलीट बोलवायचं. ऑब्जेक्ट नकोसा झाल्यावर आपला कोड चालवणारी फायनलायझेशनरजिस्ट्री नावाची सोय आहे, पण ती कधी चालेल, चालेल की नाही, याची हमी नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

तुमचा बावीसचा आकडा वाचून मला हसू आलं कारण तो बरोबर बसतो. आत येणारा फोटो ४८ आणि बाहेर जाणारा ४८ मिळून एका फेरीला सुमारे ९६ एमबी, आणि एमस्क्रिप्टेनची नेहमीची कमाल मर्यादा २ जीबी. ती संपली की मॅलॉक शून्य परत देतो. साध्या सी प्रोग्रॅममध्ये शून्य पत्त्यावर लिहिलं की क्रॅश होतो, इथे शून्य हा पट्टीवरचा वैध पत्ता आहे, म्हणून तुमचा फोटो मॉड्यूलच्या स्वतःच्या डेटावर बिनबोभाट लिहिला जातो. कचरा तिथून येतोय. मॅलॉकनंतर शून्य तपासाच.

अजून एक, फ्री केल्यावर टास्क मॅनेजरमधला आकडा खाली येणार नाही. ही मेमरी वाढते, आकसत नाही, मोकळी झालेली जागा आतल्या आत परत वापरली जाते. खरंच परत द्यायची असेल तर मॉड्यूल वर्करमध्ये (पानापासून वेगळ्या थ्रेडमध्ये) चालवा आणि काम झालं की वर्करच बंद करा.

प्रश्न: शेअर्डअ‍ॅरेबफर डिफाइंड नाही असा एरर येतो. ब्राउझर तर नवीन आहे.

उत्तर: ब्राउझरचा दोष नाही. शेअर्डअ‍ॅरेबफर म्हणजे अनेक थ्रेड्सना एकाच वेळी वापरता येणारी सामायिक मेमरी. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर (प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी) बाहेर आल्यावर हा बफर सगळीकडे बंद केला गेला, आता सर्व्हरनं दोन हेडर पाठवले तरच मिळतो: क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी सेम-ओरिजिन, आणि क्रॉस-ओरिजिन-एम्बेडर-पॉलिसी रिक्वायर-कॉर्प. लावल्यावर बाहेरून येणाऱ्या काही इमेज दिसेनाशा होतील, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न: सी च्या फंक्शनला 'हॅलो' इंग्रजीत पाठवला की पूर्ण पोचतो, 'नमस्कार' पाठवला की फक्त 'नम' पोचतं. लांबी अधिक एक एवढी जागा घेतो आणि तेवढीच स्ट्रिंगटूयूटीएफ८ ला (मजकूर वेबअसेंब्लीच्या मेमरीत लिहिणारं एमस्क्रिप्टेनचं फंक्शन) सांगतो.

उत्तर: जावास्क्रिप्ट 'नमस्कार'ची लांबी ७ सांगतं (पाय मोडलेला हलन्त आणि काना धरून), पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे २१ आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून लागणारा शेवटचा शून्य धरून २२. तुम्ही दिले ८, त्यात 'न' आणि 'म' बसले. किती बाइट लागतील ते लेंग्थबाइट्सयूटीएफ८ या फंक्शननं मोजा आणि त्यात एक मिळवा. आणि टेस्टिंगला 'ज्ञानेश्वर' घ्या, एकट्या 'ज्ञ'चेच ९ बाइट होतात.