रोमँटिक म्हणजे प्रणयरम्य नव्हे. आणि अस्वलाची गोष्ट

प्रश्न असा: इंग्रज चित्रकार सॅम्युएल पामरच्या 'द लोनली टॉवर' (1879) या चांदण्या रात्रीच्या कोरीव छापचित्राला मराठीत 'प्रणयरम्य' म्हटलेलं वाचलं. चित्रात जोडपं तर कुठेच नाही. मग हा शब्द बरोबर का?

नाही. 'रोमँटिक' दिसलं की 'प्रणयरम्य' लिहून मोकळं व्हायचं, हे वाचून वाचून मी वैतागलो आहे. लॅटिन 'रोमानिके' म्हणजे रोमन तऱ्हेने. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्स' झाला, तो पंडितांच्या लॅटिनहून वेगळी अशी लोकांची बोली. आपल्या हिशेबाने प्राकृत. मग त्या बोलीतल्या वीरकथा, मग त्या कथांतलं अद्भुत. प्रेम फार मागाहून आलं. पामरचं चित्र रोमँटिक आहे ते त्या अद्भुतामुळे. पण खरी मौज त्याच्या आकाशात आहे.

चित्र जवळून पाहा. क्षितिजाला टेकलेली चंद्रकोर, उंचावर बुरूज, त्याच्या खिडकीत दिवा. खाली दोन मेंढपाळ वर बघत रेललेले, एक बैलगाडी, दरीवर उडणारं घुबड. सुईच्या बारीक रेघांनी अंधार इतका दाट विणलाय की कोरा राहिलेला कागदच उजेड होतो. चित्र इंग्रज कवी मिल्टनच्या 'इल पेन्सेरोसो' या कवितेवरचं. तिथला एकांतप्रिय माणूस म्हणतो, माझा दिवा मध्यरात्री उंच बुरुजात दिसू दे, मी अस्वलापेक्षाही जास्त जागेन. अस्वल म्हणजे आपले सप्तर्षी. इंग्लंडातून ते कधी मावळतच नाहीत, म्हणजे जागायचं ते उजाडेपर्यंत. महाराष्ट्रातून ते मावळतात, त्यामुळे ही ओळ आपल्याला नुसत्या शब्दांनी उमगत नाही.

आणि हे अस्वल परकं नाही! संस्कृतात अस्वल म्हणजे ऋक्ष (हिंदीतलं रीछ त्यातूनच आलं), ग्रीकमध्ये आर्क्टोस, लॅटिनमध्ये उर्सुस; तिन्ही एकाच मुळाचे. आर्क्टिक म्हणजे अस्वलाच्या ताऱ्यांखालचा मुलूख. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विचारलंय, रात्री उंचावर दिसणारे हे ऋक्ष दिवसा जातात कुठे?

संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्सम्युलर म्हणायचा की ऋक्ष म्हणजे आधी नुसतं 'चमकणारं', आणि ताऱ्यांचं अस्वल हा पुढे झालेला भाषेचा घोटाळा. मला हे साफ अमान्य आहे. आर्क्टोसचा ग्रीकमध्ये चमकण्याशी काडीचा संबंध नाही, तरी ग्रीकांनी याच ताऱ्यांना अस्वल म्हटलं. दोन्हीकडे सारखाच घोटाळा कसा होईल? अस्वल आधीचं, तारे त्यावरून. पुढे ऋक्ष म्हणजे कुठलाही तारा असा अर्थ सैल झाला, आणि जवळच्याच आवाजाचा 'ऋषी' त्या जागी येऊन बसला, असं माझं मत. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ तर सरळच सांगतो की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत.

तिथेच पुढे आहे की कृत्तिका या ऋक्षांच्या बायका. पण नवरे उगवतात उत्तरेला आणि त्या पूर्वेला, म्हणून त्यांचा सहवास तुटला. या चित्राला प्रणयरम्य म्हणायचंच असेल, तर निदान या ताटातुटीपायी म्हणा.