कोर्टानं नाही म्हटलं, आता तरी तो स्थळं बघेल का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हापासून समलिंगी मुलामुलींचे आईवडील हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका काकांनी तर निकालाचं कात्रणच आणलं होतं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका बँकेतून निवृत्त, मुलगा तिशीचा, नोकरी अहमदाबादला. २०१८ मध्ये समलैंगिकता गुन्हा नाही असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल आला त्या आठवड्यात मुलानं घरी सांगून टाकलं, "मी गे आहे." आई रडली, काकांनी विषय बंद केला. पाच वर्षांनी हा निकाल आला आणि काकांना वाटलं, खटला आपणच जिंकलो.

मी आधी निकालातलं सांगितलं. लग्नाचा कायदा बदलणं संसदेचं काम, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला कोर्टानं हात लावला नाही. लग्नाऐवजी नोंदणीकृत नात्याचा (सिव्हिल युनियनचा) हक्कही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारला. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. पण समलैंगिकता गुन्हा नाही, हा २०१८ चा निर्णय जागच्या जागी आहे.

"मग ट्रीटमेंट?" काकांनी हळूच विचारलं. हा आजारच नाही, असं मनोविकारतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं २०१८ मध्येच जाहीर केलंय. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन ठरतं.

स्थळांबद्दल मात्र मी मवाळ बोलत नाही. ज्या मुलीला काहीच ठाऊक नाही, तिला या घरात आणणं ही फसवणूक आहे. तिचे आईवडील उद्या माझ्यासमोर बसतील, तेव्हा त्यांना मी काय सांगू?

काका गप्प झाले. पुढच्या भेटीत खरी भीती बाहेर आली. "लोकांचं जाऊ द्या हो मॅडम. आम्ही गेल्यावर याचं कोण?"

लोकांचं ते सहज सोडत होते असंही नाही. गुजरातमधल्या राजपीपळा या जुन्या संस्थानाचे युवराज मानवेंद्रसिंह यांनी २००६ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केल्यावर घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस दिली होती. ती बातमी काकांच्या पिढीनं इथंच वाचलेली. हल्ली भिशीतल्या बायका या विषयावर बोलतात, पण दुसऱ्याच्या मुलाबद्दल.

'याचं कोण' या प्रश्नाला लग्नाशिवायही थोडी उत्तरं आहेत. समलिंगी जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थखात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं, असंही केंद्रानं राज्यांना कळवलंय. इथं काका एकदम सरसावले. "नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मॅडम. मृत्युपत्र हवंच!" ते मलाच समजावू लागले. वर्षभरात एवढा उत्साह मी त्यांच्यात पाहिला नव्हता. मानसिक आजारात आपल्या वतीनं कुणी निर्णय घ्यावेत, ते २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सज्ञान माणूस स्वतः लिहून ठेवू शकतो, हे त्यांनी टिपून घेतलं. अर्थात कागदांनी सगळं भागत नाही. वारसाहक्क, दत्तक, पेन्शन हे लग्नाबरोबर आपसूक येतं, ते या जोडप्यांना मिळत नाही.

काका मुलाच्या जोडीदाराला अजून 'तो मित्र' म्हणतात. मुलाला ते लागतं, आणि त्याचं बरोबरच आहे. स्थळं मात्र थांबली आहेत. पुढच्या भेटीचा विषय आईंनी ठरवलाय: पुण्याहून बायोडेटा धाडणाऱ्या आत्यांना काय सांगायचं? ते मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नका, एवढं मी आधीच सांगून ठेवलंय.