शंका-समाधान : जीन ग्रे किती वेळा मेली?

प्रश्न : माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानालगतच्या फूटपाथवरून मी मुलासाठी मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनाच्या 'एक्स-मेन' या चित्रकथा-मालिकेचे काही जुने अंक आणले. एका अंकात तिची नायिका जीन ग्रे केवळ मनोबलाने वस्तू हलवते, तर दुसऱ्यात लोकांच्या मनातले विचारही ऐकते. १९८० च्या अंकात ती मरते आणि १९८६ च्या अंकात तीच पुन्हा जिवंत दिसते. मधले अंक नसल्यामुळे असे वाटते का? मुलाच्या प्रश्नांपुढे मी हात टेकले आहेत.
— एक वाचक भगिनी, दादर

उत्तर : मधले अंक आपल्या हाती असते, तरी ही विसंगती पूर्णपणे मिटली नसती. जीन ग्रे हे पात्र एका लेखकाच्या डोक्यातून सलग उतरलेले नाही. वेगवेगळ्या काळातल्या लेखकांनी आणि संपादकांनी आपापल्या अडचणीनुसार तिला घडवले, मारले आणि उठवले, आणि प्रत्येकाला आधीच्या कथेवर कुठे ना कुठे ठिगळ लावावे लागले. आपण आणलेल्या अंकांत ती ठिगळे उघडी पडली आहेत, इतकेच.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी सप्टेंबर १९६३ च्या 'एक्स-मेन' अंक १ मध्ये तिला आणले. त्या वेळी तिचे टोपणनाव मार्व्हल गर्ल होते, संघात ती एकटीच मुलगी होती आणि तिची शक्ती एकच होती : हात न लावता वस्तू हलवणे, म्हणजे टेलिकायनेसिस. विचार ऐकण्याची शक्ती, म्हणजे टेलिपथी, ही तिच्या गुरूची, प्राध्यापक झेवियर यांची होती. १९६८ मध्ये झेवियर यांचा मृत्यू दाखवण्यात आला आणि जाण्याआधी त्यांनी आपल्या शक्तीचा काही अंश जीनला दिला, असे वाचकांना सांगण्यात आले. (हा मृत्यूही पुढे खोटा ठरला, या मालिकेत कोणाच्या तेराव्याला जाण्याची घाई करू नये.) १९८१ मध्ये मात्र 'बिझार ॲडव्हेंचर्स'च्या २७ व्या अंकात निराळीच हकिगत आली. त्यानुसार, लहानपणी मैत्रिणीला मोटारीची धडक बसून ती मरत असताना जीनच्या मनात टेलिपथी प्रथम जागी झाली आणि तिला तो भार पेलवेना म्हणून झेवियर यांनी ती शक्ती काही वर्षे बंद करून ठेवली. म्हणजे आधी जे गुरूचे दान होते, ते नंतर तिचे जन्मजात धन ठरले. आपल्या चिरंजीवांना सांगावे की अंक जितका जुना, तितकी जीनची शक्ती कमी.

आता मृत्यूकडे वळू. १९७५ पासून लेखनाची सूत्रे क्रिस क्लेअरमाँट यांच्याकडे आली. त्यांनी आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी १९७६ च्या १०० व्या अंकात जीनला किरणोत्सर्गाच्या वादळातून अंतराळयान चालवायला लावले आणि १०१ व्या अंकात ते यान न्यूयॉर्कच्या जमैका बे या उपसागरात कोसळल्यावर पाण्यातून ती फिनिक्स या नव्या, महाबलवान रूपात वर आली. तिचा हिरवा-सोनेरी वेश पुढे प्रसिद्ध झाला. कॉक्रम यांच्या मनात मात्र पांढरा आणि सोनेरी वेश होता, पण त्या काळच्या पातळ कागदावर पांढऱ्या भागातून मागच्या पानाची शाई दिसेल म्हणून तो बारगळला. इतक्या मोठ्या पात्राचा रंग कागदाच्या जाडीने ठरावा, ही गोष्ट मला तिच्या सगळ्या मृत्यूंपेक्षा अधिक रंजक वाटते.

फिनिक्स झालेली जीन इतकी बलवान होती की १०८ व्या अंकात तिने अवघे विश्व कोसळण्यापासून सावरले. याच अंकापासून जॉन बर्न चित्रे काढू लागले. कथेच्या दृष्टीने ही मोठीच पंचाईत होती, कारण विश्व सावरणाऱ्या सहकारिणीपुढे बाकीच्या वीरांना काम काय उरणार? क्लेअरमाँट आणि बर्न यांनी मग तिला हळूहळू बिघडवत नेले. १९८० च्या १३५ व्या अंकात डार्क फिनिक्स झालेली जीन आपली भूक भागवण्यासाठी एक तारा गिळते आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरची अब्जावधींची वस्ती नष्ट होते.

खरा पेच इथून सुरू झाला. लेखक-चित्रकारांनी ठरवलेल्या शेवटात जीन मरत नव्हती. परग्रहावरचे शिआर लोक तिची शक्ती कायमची काढून घेतात आणि ती सामान्य स्त्री म्हणून घरी परतते, असा तो शेवट होता. मुख्य संपादक जिम शूटर यांनी त्याला हरकत घेतली. एवढा नरसंहार करणारी व्यक्ती शिक्षेवाचून सुटते हे त्यांना नैतिकदृष्ट्या मान्य नव्हते, आणि त्यांचा आक्षेप अनाठायी होता असे मला वाटत नाही. शेवटची पाने नव्याने करण्यात आली आणि सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात जीनने चंद्रावर स्वतःचा प्राण दिला. बदललेला शेवट अधिक परिणामकारक ठरला, हे मूळ शेवट वाचल्यावर सहज पटते; तो १९८४ मध्ये 'फिनिक्स : द अनटोल्ड स्टोरी' या नावाने वेगळा छापला गेला.

पाचेक वर्षांनी झेवियर यांच्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांना पुन्हा एकत्र आणणारी 'एक्स-फॅक्टर' ही मालिका काढायचे ठरले. चौघे हाताशी होते, पाचवी मृत होती आणि तिच्या जागी आधी डॅझलर या दुसऱ्याच नायिकेचे नाव घेतले जात होते. पुढे लेखक म्हणून नावारूपाला आलेल्या कर्ट ब्युसिक यांनी विद्यार्थिदशेतच एक तोड शोधून ठेवली होती : १९७६ मध्ये पाण्यातून वर आली ती जीन नव्हतीच; फिनिक्स नावाच्या शक्तीने तिचे रूप घेतले आणि खरी जीन उपसागराच्या तळाशी एका कोशात निजून राहिली. ही कल्पना लेखक रॉजर स्टर्न यांच्यामार्फत बर्न यांच्यापर्यंत आणि तिथून मार्व्हलच्या कचेरीत पोहोचली. जीनच्या माथी नरसंहाराचे पाप राहणार नसल्याने शूटर यांचाही आक्षेप उरला नाही. त्यामुळे जानेवारी १९८६ च्या, मार्व्हलच्याच 'ॲव्हेंजर्स' अंक २६३ मध्ये कोश सापडतो, त्याच महिन्याच्या 'फँटॅस्टिक फोर' अंक २८६ मध्ये जीन बाहेर येते आणि फेब्रुवारीत 'एक्स-फॅक्टर' सुरू होते. क्लेअरमाँट यांना हे पटले नव्हते, आणि माझे मत त्यांच्या बाजूने पडते. १९८० च्या त्या मरणाचे मोल या एका खुलाशाने निम्म्यावर आले.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ चा 'एक्स-मेन'चा अंक आहे, पण आतली कथा बरीच जुनी वाटते. विक्रेत्याने मुखपृष्ठ बदलून मला फसवले असेल का?
— एक संग्राहक, गिरगाव

उत्तर : विक्रेत्यावर संशय घेऊ नये. खप समाधानकारक नसल्याने १९७० मध्ये ६६ व्या अंकानंतर नव्या कथा थांबल्या आणि ६७ ते ९३ या अंकांत जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या. १९७२ चे अंक नेमके त्यातले आहेत. मुखपृष्ठावरचा महिना हाही विक्रीचा महिना नसे. अंक जुना वाटून दुकानदाराने तो लवकर काढून टाकू नये म्हणून पुढची तारीख छापत असत.

प्रश्न : आमच्या पिढीने वेताळ वाचला. तो कधी मरत नसे आणि तरी असा घोळ होत नसे. या अमेरिकन मंडळींना ते का जमले नाही? आणि जीन सध्या जिवंत आहे की नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड

उत्तर : १९६४ ते १९९० या काळात आपल्या मुंबईतूनच निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मरत असे, मरत नसे तो त्याचा मुखवटा. बापामागून मुलगा तो चढवतो आणि जंगलातल्या लोकांना एकच वेताळ अमर असल्याचे वाटते. वेताळाच्या जनकाने, ली फॉक यांनी, ही सोय आरंभीच करून ठेवली होती. जीनच्या बाबतीत वारस नाही, तीच पुन्हा हवी असते, म्हणून दर वेळी खुलासा शोधावा लागतो.

१९८६ नंतर तिचे आयुष्य बरेच दिवस सुरळीत चालले. मार्च १९९४ च्या 'एक्स-मेन' अंक ३० मध्ये संघातल्याच स्कॉट समर्सशी तिचे लग्नही झाले. त्यानंतर लेखक ग्रँट मॉरिसन यांनी २००४ मध्ये 'न्यू एक्स-मेन'च्या १५० व्या अंकात तिला पुन्हा मारले. या वेळचा मृत्यू बराच टिकला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, 'ऑल-न्यू एक्स-मेन'साठी ब्रायन मायकेल बेंडिस यांनी भूतकाळातली किशोरवयीन जीनच वर्तमानात आणली, म्हणजे मेलेलीला न उठवता तिचे काम भागवले. मोठी जीन परतली ती २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'फिनिक्स रिसरेक्शन' या पाच अंकी मालिकेत. २०२४ मध्ये 'फिनिक्स' याच नावाची तिची स्वतंत्र मालिका निघाली, आणि तिच्यात ती जिवंत आहे.